मांड घट्ट, हात सैल

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

🌼 गुरुवारचा प्रसाद 🌼

(इंदूर केंद्रावर गुरुवारच्या सत्संगात पूज्य महाराजांनी केलेल्या निरूपणाचे शब्दांकन. सर्व केंद्रांवरील साधकांनी घरातल्या मुलांना जवळ बसवून वाचावे, ही नम्र विनंती. 🙏)

मंडळी, आज पोथी उघडलेली नाही. आज एका घोडीची गोष्ट सांगणार आहे. हसा, हसा. पण शेवटपर्यंत ऐका, कारण ही गोष्ट घोडीची कमी आणि आपल्या घराघरातली जास्त आहे. ज्या माय-लेकींची ती आहे, त्यांना विचारून सांगतोय. नावं सांगणार नाही, आणि तुम्हीही नंतर चहाच्या वेळी चौकशा करत बसू नका, बरं का.

दीड वर्षापूर्वी एक आई आपल्या लेकीला घेऊन आली. मुलगी नववीत. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलायला उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि पुढचं आठवेना. तोंड उघडं, आवाज नाही. मागच्या बाकांवरची मुलं हसली. झालं ते इतकंच. पण त्या दिवसापासून पोरीने हाय खाल्ली. सकाळी शाळेची वेळ झाली की पोटात कळ यायची. तळहात घामाने ओले. दारावरची घंटी वाजली की ही आतल्या खोलीत. घरी मावशी आली तरी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईना.

आई म्हणाली, "महाराज, हिला काहीतरी द्या. ताईत द्या, मंत्र द्या, सांगाल ते अनुष्ठान करते."

मी विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही हो. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "ताई, अंगात ताप आला तर डॉक्टर चालतो, मग मनाच्या तापाला का नको? देवावर श्रद्धा आहे म्हणून कुणी मोडलेला हात तसाच ठेवत नाही. आधी दाखवा, मग या."

त्या गेल्या. डॉक्टरबाईंनी नीट तपासलं, मुलीला बोलतं केलं, दर आठवड्याला यायला सांगितलं. आणि असंही सांगितलं की हिला घराबाहेर, मोकळ्या हवेत, हाताला काम मिळेल असं काहीतरी शिकू द्या.

मग दोघी पुन्हा आल्या. मी मुलीला विचारलं, "बाळ, तुला काय आवडतं?" आई म्हणाली, "चित्रं काढते छान." मी पुन्हा मुलीकडेच बघून विचारलं, "शाळेत मैत्रीण कोण?" आई म्हणाली, "आधी दोघी होत्या, आता कुणी येत नाही." तिसरा प्रश्न केला, त्याचंही उत्तर आईनेच दिलं. मंडळी, त्या माउलीचा दोष नाही. लेकरू अडखळायला लागलं की आईचा जीव पुढे धावतो. पण माझ्या लक्षात आलं. मी त्यांना म्हटलं, "ताई, जरा स्वयंपाकघरात प्रसादाचं बघता का?"

आई आत गेली. आम्ही दोघं गप्प. बराच वेळ गेला. मी काही विचारलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "मला देवघरातल्या खंडोबाचा घोडा आवडतो."

बघा. आपलं इंदूर होळकरांचं. होळकरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि अहिल्याबाईंच्या पतीचं नावच खंडेराव. इथल्या कितीतरी देवघरांत तो पांढऱ्या घोड्यावरचा मार्तंड आहे. आपण रोज हळद वाहतो, नमस्कार करतो आणि उठतो. ही पोर लहानपणापासून त्या घोड्याकडे बघत बसायची, हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

मी आईला बोलावलं आणि म्हटलं, "हिला घोड्यावर बसायला शिकवा."

आई घाबरली. "महाराज, ही मांजरीला भिते हो!"

मी म्हटलं, "म्हणूनच."

आता काही जण मनात म्हणतील, महाराजांनी हे काय राजेरजवाड्यांचे शौक सांगितले. अहो, आपल्या याच इंदूरची सुदीप्ती हजेला ही मुलगी 2023 साली चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चमूत होती. चौघांच्या त्या चमूने ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक आणलं. घोडेस्वारीत भारताला 41 वर्षांनी सुवर्ण मिळालं होतं. ड्रेसाज म्हणजे घोड्याला नुसत्या बारीक इशाऱ्यांवर चालवण्याची कला. इशारे असे की बघणाऱ्याला दिसतही नाहीत. तिथे जोर चालत नाही. आणि आपल्या या मुलीला पदक मिळवायचं नव्हतंच. तिला फक्त दाराची घंटी वाजल्यावर दार उघडता यायला हवं होतं.

गावाबाहेर घोडेस्वारी शिकवण्याची एक जागा आहे. शिकवणारे लष्करातून निवृत्त झालेले. मोजकं बोलणारे. त्यांनी मुलीला पाहिलं आणि एक म्हातारी, शांत घोडी दिली. नाव चंदा. आणि सांगितलं, "तीन आठवडे बसायचं नाही. हिची सेवा करायची."

म्हणजे काय? चंदाला खरारा करायचा. खुरात अडकलेली माती, खडे काढायचे. पाण्याची बादली भरायची, वैरण टाकायची, लीद उचलायची. आठवड्याभराने आईचा मला फोन. "महाराज, फी भरून माझी मुलगी लीद उचलतेय!"

मी म्हटलं, "ताई, तुमच्या मुलीला भगवंताचं काम मिळालंय."

महाभारताच्या द्रोणपर्वात प्रसंग आहे. जयद्रथाला सूर्यास्ताआधी मारण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा. एकेक घटका मोलाची. आणि भर रणात घोडे थकले. बाणांनी घायाळ झाले, तहानेने व्याकूळ झाले. तेव्हा भगवंतांनी रथ थांबवला. अर्जुन खाली उतरून पायी लढत राहिला, त्याने बाण मारून पाणी काढलं. आणि श्रीकृष्णांनी, जगाच्या स्वामीने, घोडे सोडले. त्यांच्या अंगातले बाण उपटले, अंग चोळलं, पाणी पाजलं, दाणा दिला, आणि ते ताजेतवाने झाल्यावर पुन्हा रथाला जोडले. गीता सांगणारा तोच, आणि मोतद्दाराचं काम करणाराही तोच. नकुलाचं बघा. अज्ञातवासात विराटाच्या घरी त्याने पागेचीच चाकरी धरली होती.

पण सेवा आधी का? त्याला कारण आहे. घोडा हा मुळात भित्रा प्राणी. गवत खाणारा, रानात वाघ-लांडग्यांचं भक्ष्य. म्हणून देवाने त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना दिले. मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. नाकासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची जागा, एवढंच काय ते दिसत नाही. म्हणून घोड्याकडे कधी मागून जाऊ नये. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावं. त्याचे कान बघावेत. कान ज्या दिशेला, तिकडे त्याचं लक्ष. कान मागे चिकटवले की समजावं, आता जरा लांब राहा. चारशे-साडेचारशे किलोचं ते धूड, पण अंगावर माशी बसली तरी नेमकी तेवढीच कातडी थरथरवतं. इतकं त्याचं अंग जागं. माणूस जवळ आला की त्याचा श्वास, त्याच्या हाताची घाई, पावलाचा कचरलेपणा, सगळं त्याला कळतं.

मुलीला हे सरांनी सांगितलं, तेव्हा ती एकदम म्हणाली, "म्हणजे ही पण घाबरते?"

सर म्हणाले, "रोज घाबरते. तू आलीस की कमी घाबरते."

मंडळी, या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस विचार करतोय. वर्षभर त्या मुलीला सगळे सांगत होते, घाबरू नकोस, घाबरू नकोस. भ्यालेल्या माणसाला घाबरू नकोस म्हणणं म्हणजे भिजलेल्याला भिजू नकोस म्हणण्यासारखं आहे. पहिल्यांदाच तिला कुणीतरी सांगितलं की तुझ्यामुळे दुसऱ्या जिवाची भीती कमी होते. भेदरलेल्या पोरीला आधार देऊन झाला होता. आता तिला आधार व्हायला मिळालं.

ग्वाल्हेरच्या साधकांना झाशीच्या राणीसाहेबांची फूलबागेतली समाधी माहीत आहे. जून 1858. राणीसाहेबांसारखी घोड्याची पारख असलेली स्वार. पण शेवटच्या लढाईत जुना घोडा जवळ नव्हता, आणि नवा घोडा नाल्यापाशी अडला, असं तिकडे परंपरेने सांगतात. वीरांगनेच्या शौर्यात तिळभर उणीव नव्हती. पण त्या घोड्याला तिची ओळख व्हायला वेळच मिळाला नव्हता. नातं आधी, स्वारी नंतर.

तीन आठवडे झाले. डोक्याला हेल्मेट, पायात बूट, आणि पोर चंदावर बसली. सरांनी लांब दोरी धरली होती. आणि पहिली गोष्ट काय केली असेल तिने? दोन्ही हातांनी लगाम आवळून धरला. घोडी दोन पावलं चालली, मान झटकली आणि उभी राहिली. पुन्हा टाच दिली, पुन्हा तेच.

सर म्हणाले, "बेटा, टाचेने चल म्हणतेस आणि हाताने थांब म्हणतेस. तिने कुणाचं ऐकायचं?"

लगामाचं लोखंड घोड्याच्या तोंडात असतं. स्वाराच्या मुठीतली भीती सरळ त्या मऊ तोंडावर जाते. सरांनी तिला तीन गोष्टी सांगितल्या. श्वास सोड, घाबरलेला माणूस श्वास घेतो आणि सोडायचं विसरतो. नजर घोडीच्या मानेवर नको, जिकडे जायचं तिकडे ठेव. आणि तिसरी, मांड घट्ट, हात सैल. तोल मांडीने आणि पाठीने सांभाळायचा, लगामाला लटकून नाही.

कठोपनिषदात रथाचं रूपक आहे, तुम्ही अनेकदा ऐकलंय. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रियं म्हणजे घोडे, आणि आत्मा रथाचा धनी. ते रूपक कुणाला सांगितलंय? नचिकेत नावाच्या एका पोराला. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसलेल्या पोराला. आता बघा, उपनिषद घोडे मारून टाका म्हणत नाही. लगाम फेकून द्या असंही म्हणत नाही. सारथी शहाणा हवा, एवढंच म्हणतं. भीती हाही एक घोडाच आहे. त्याला मारायला गेलात तर रथच अडकेल. तो ताकदीचा आहे, तोच पुढे नेणार आहे. त्याला फक्त कळलं पाहिजे की वर कुणीतरी जागं बसलंय.

मी गेलो होतो एक दिवस बघायला. मुलगी रिंगणात, आई कुंपणाबाहेर. मुलीपेक्षा माझं लक्ष आईकडेच जास्त. तिच्या दोन्ही मुठी कुंपणाच्या बांबूवर अशा आवळलेल्या की बोटं पांढरी पडली होती. मी जवळ गेलो आणि म्हटलं, "ताई, लगाम तर तुमच्याच हातात दिसतोय." त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "महाराज, हिच्यासारखीच होते मी. लग्नात वरमाला घालतानासुद्धा हात कापत होते माझे. माझंच हिच्यात आलं असं वाटतं. म्हणून मी तिला पडूच देत नाही."

पण मंडळी, ती पडली.

त्याच महिन्यात. चंदा चालीवरून दुडकीवर आली. दुडकीत घोडा स्वाराला उसळवतो. मुलीची रिकीब सुटली, तोल गेला आणि पोर वाळूत. आई किंचाळून धावली. सरांनी हात आडवा करून तिला थांबवलं. घोडी दोन पावलांवर थांबली होती, मान खाली घालून. मुलगी उठली, गुडघा खरचटलेला, तोंडात वाळू. आणि तिने पहिला प्रश्न काय केला? "चंदाला काही झालं नाही ना?"

आईने मला संध्याकाळी फोनवर हे सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. म्हणाल्या, "महाराज, वर्षभरात हिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं की दुसऱ्याला काय झालं."

सरांनी हात-पाय तपासले, सगळं ठीक आहे बघितलं आणि विचारलं, "आज पुन्हा बसायचं की उद्या?" निर्णय तिच्यावर सोडला. ती म्हणाली, "आजच. पण चालीनेच." किती शहाणं उत्तर! दौड मारते म्हणाली नाही, घरी जाते म्हणाली नाही. आपल्याला पेलेल तेवढं मागितलं. साधनेतही हेच आहे. मोठ्ठे संकल्प करून मोडण्यापेक्षा एक माळ, पण आजच.

डेन्मार्क देशात लिझ हार्टेल नावाची बाई होऊन गेली. 1944 साली ऐन तारुण्यात, पोटात बाळ असताना, तिला पोलिओ झाला. गुडघ्याखाली पायांत बळ राहिलं नाही. घोड्यावर चढायला आणि उतरायला माणसं लागत. पण वर बसली की ती आणि घोडा एक. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजमध्ये तिने रौप्यपदक मिळवलं, पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धा करून. पुढे युरोपात दुबळ्या, आजारी मुलांना घोड्यावर बसवून उपचार करण्याची पद्धत वाढली, तिला या बाईच्या उदाहरणाने मोठं बळ मिळालं. पायांत बळ नव्हतं तरी तिची मांड पक्की होती.

आता शेवटची गोष्ट, आणि ही खास आपल्या बेळगावकडच्या साधकांसाठी. आषाढीच्या वारीत माउलींच्या पालखीपुढे जे अश्व असतात, ते बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात. पायी आळंदीला येतात. रिंगणात दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो, हातात पताका घेऊन. दुसऱ्यावर कुणी नसतं. तो माउलींचा अश्व. चहूबाजूंनी वारकऱ्यांची भिंत, टाळ-मृदंगांचा गजर, आणि त्या मधल्या वाटेने तो अश्व धावतो. लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. घोडा मुळात भित्रा, हे आत्ताच पाहिलं. मग त्या गर्दीत तो धावतो कसा? जाणकार म्हणतील, सवयीने. वारकरी म्हणेल, पाठीवर माउली आहे. मला दोन्ही खरं वाटतं. सवय म्हणजे तरी काय? रोज थोडा थोडा वाढवलेला विश्वास.

आपल्या प्रत्येकाच्या मनावरही एक खोगीर आहे. ते रिकामं राहत नाही. तिथे आपण कुणाला तरी बसवतोच. कुणी "लोक काय म्हणतील"ला बसवतो, कुणी मागच्या बाकावरच्या हसण्याला. सद्गुरूंना तिथे बसवा, आणि मग दोन पावलं चाला. दोनच.

ती मुलगी आता कशी आहे, असं तुम्ही विचाराल. पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला सांगू? अजून डॉक्टरबाईंकडे जाते. अजून काही सकाळी पोट दुखतं. पण शाळेत जाते. आणि गेल्या दत्तजयंतीला, तुम्ही इथेच होतात, पाळण्याआधी एका मुलीने मंचावर येऊन दत्तजन्माची कथा वाचली. कागद थरथरत होता, तो मागच्या रांगेतूनही दिसत होता. मध्ये एकदा थांबली. मी बघितलं, तिने श्वास सोडला, नजर उचलून दाराकडे लावली, आणि पुढचं वाक्य वाचलं. तिची आई पहिल्या रांगेत होती. दोन्ही हात मांडीवर, उघडे.

तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं. आता कळलं असेल.

🌿 या आठवड्याचा अभ्यास 🌿

1. घरातल्या मुलाला कुणी प्रश्न विचारला तर उत्तर त्यालाच देऊ द्यावे. मध्ये शांतता आली तर आपण मनात नाम घ्यावे.

2. घरातल्या भित्र्या मुलाकडे एखाद्या जिवाची जबाबदारी द्यावी. घोडाच हवा असे नाही. तुळस, गाय, दारातले कुत्रे, आजोबांची औषधाची वेळ, काहीही चालेल. मात्र ती खरी जबाबदारी असावी. मागून आपण पुन्हा करू नये.

3. भीती वाटली की आधी श्वास सोडावा, मग सद्गुरूंचे स्मरण करून जिकडे जायचे तिकडे नजर लावावी.

4. मुलाची भीती बरेच दिवस राहिली, झोप-जेवण-शाळा सुटू लागली, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे. त्यात कमीपणा नाही.

ज्यांना घोडेस्वारी शिकवायची असेल त्यांनी जाणकार शिक्षकाकडेच शिकवावे, हेल्मेटशिवाय मुलाला बसवू नये, आणि पहिले दिवस खराऱ्याचे असू द्यावेत.

हे निरूपण आपापल्या केंद्राच्या गटावर पाठवावे. पुढच्या गुरुवारी नेहमीच्या वेळी आरती व नामस्मरण.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏